नेपाळला पाठवले, पत्रासह

घनसावंगी तालुक्यातल्या एका बाजारगावात मी नऊ वर्षं नोकरी केली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं, त्यात गावाचा काही दोष नव्हता.

आरोग्य केंद्रात क्षयरोगाचे जे पेशंट असत त्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. कुणाला टीबी निघाला की त्याच्या गोळ्या सुरू करायच्या, तो रोज घेतो का बघायचं, मधेच सोडली तर घरी जाऊन समजूत काढायची, घरच्यांची तपासणी करून घ्यायची. सहा महिने एकेका माणसाच्या मागे लागायचं काम. मी राहायची जुन्या जालन्यात, अम्मीजवळ. सकाळी सातची बस आणि परतताना मिळेल ती जीप. त्या तालुक्यात गोळ्या पूर्ण करणाऱ्यांचे माझे आकडे सगळ्यात चांगले होते. मिटिंगमध्ये माझं नाव घेतलं जायचं आणि ते मला आवडायचं. पुढचं सांगायच्या आधी हे कबूल करते.

तो कापसाच्या जिनिंगवर वॉचमन होता. नेपाळचा. गावात सगळे त्याला बहादूर म्हणत. ते त्याचं नाव नव्हतं. माझ्या रजिस्टरात त्याचं खरं नाव मीच माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, तरी मीही त्याला बहादूरच म्हणायची. मराठवाड्यात येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. आधी जालन्यात एका हॉटेलात भांडी धुतली, मग इकडे जिनिंगच्या गेटवर आला. बोलायचा आमच्याकडच्या माणसांसारखाच, फक्त आई आली आणि आई आला यात त्याला फरक वाटायचा नाही. बायको हंगामात कापसातला काडीकचरा निवडायची. एक मुलगी होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला.

जिनिंग सुरू झालं की तिथं सगळेच खोकतात. कापसाची रुई हवेत उडत असते, नाकातोंडात जाते. त्यामुळे त्याच्या खोकल्याकडे दोन महिने कुणी लक्ष दिलं नाही. मेडिकलवरच्या औषधाच्या तीन बाटल्या त्यानं संपवल्या. मग एके दिवशी थुंकीत रक्त आलं. आमच्या केंद्रात साफसफाईला एक बाई होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. त्यांचं घर जिनिंगच्या रस्त्यावर. त्याच त्याला धरून घेऊन आल्या.

"म्याडम, याला बघा बरं. हा म्हणतो धूळ हाय. धूळ लाल असती का कधी?"

तपासणीत टीबी निघाला. साधा, गोळ्यांनी बरा होणारा. मी त्याला सहा महिन्यांचं सगळं समजावलं. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "पोरीला झाला असंल का?"

मुलीची तपासणी केली. काही निघालं नाही. तिलाही खबरदारीच्या गोळ्या द्यायच्या असतात, त्या मागवते म्हणाले आणि ते राहिलं. बायको त्या दिवशी कामावर होती. तो म्हणाला, उद्या आणतो. उद्या ती आली नाही. मी एकदा जिनिंगवर निरोप पाठवला, तेव्हा कापसाच्या गाड्या लागलेल्या होत्या. फॉर्मवर रकाना होता, घरातल्या सर्वांची तपासणी झाली का. मी हो लिहिलं. नंतर करून घेऊ, असं मनात होतं.

तो मात्र एक दिवस चुकला नाही. ड्यूटी संपली की सायकलवरून यायचा, माझ्यासमोर गोळ्या गिळायचा आणि मी न सांगताच तोंड उघडून दाखवायचा. दोन महिन्यांत अंगावर मांस आलं. खोकला थांबला. मावशी त्याला म्हणायच्या, आता तुझं लगीन पुन्हा लावायला हरकत न्हाई. तो लाजायचा.

मार्चच्या शेवटी, एका सोमवारी, तो वेळेच्या आधीच आला.

"म्याडम, म्या गावाला जाऊन राह्यलो."

"किती दिवस?"

"आता परत न्हाई येत. आई लई बीमार हाय. भाऊ दुबईला गेला, आईजवळ कोणीच न्हाई. आम्ही तिघं बी जाऊन राह्यलो. शुक्रवारची गाडी हाय जालन्याहून."

"आणि गोळ्या?"

"तेच म्हणून राह्यलो. तुम्ही जास्तीच्या दिलेल्या आठ दिवसाच्या हायेत माझ्याकडं. महिन्याच्या द्या. अन् चिठ्ठी द्या. आमच्याकडं सरकारी दवाखान्यात चिठ्ठी दाखवली की फुकट गोळ्या भेटत्यात. माझ्या गाववाल्यानं सांगितलं फोनवर."

त्याचं सगळं बरोबर होतं. मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं. दोनच महिन्यांपूर्वी आमच्याकडे वरून एक पत्रक आलं होतं. नेपाळची सीमा उघडी आहे, माणसं कामाला येतात, घरी जातात. इकडे सुरू झालेल्या गोळ्या सीमेवर तुटल्या तर रोग दोन्हीकडे वाढतो. म्हणून दोन्ही देशांनी ठरवलं होतं की असा पेशंट निघाला की एक फॉर्म भरायचा. एक प्रत पेशंटजवळ, एक आपल्या जिल्ह्याला आणि एक सीमेपलीकडच्या कार्यालयाला. तिकडचे लोक त्याला त्याच्या गावाजवळच्या दवाखान्याशी जोडून देणार होते. हे सगळं पत्रकात लिहिलेलं होतं. मी ते सही करून फाइलला लावलं होतं. वाचलं नव्हतं.

"गुरुवारी ये," मी त्याला म्हणाले. "तयार करून ठेवते."

तो गेल्यावर मी फॉर्म काढला. दोन पानी, सगळा इंग्रजीत. कोणत्या कार्यालयाकडे पाठवायचं, तिथला कोड काय, पेशंटचा तिकडचा पत्ता काय, यातलं मला काहीच सांगता येईना. जिल्ह्याला एक फोन केला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. पण तालुक्यात जिचं नाव घेतात तिनं विचारायचं, हा फॉर्म कसा भरतात? मला ते जमलं नाही. शिवाय मार्च एंड होता, तिमाही अहवाल द्यायचा होता. मंगळवार गेला, बुधवार गेला. फॉर्म ड्रॉवरमध्ये कोराच राहिला.

गुरुवारी दुपारी साडेबाराला मावशी आत आल्या.

"म्याडम, बहादूर आलाय. बायकापोरांला घेऊन आलाय. इथून तसंच जालन्याला जाणार म्हणतो."

मी खिडकीतून बघितलं. तिघं पाण्याच्या टाकीजवळ उभी होती. दोन मोठ्या पिशव्या, एक पत्र्याची पेटी. मुलीनं शाळेचा गणवेश घातला होता. तिचा तोच सगळ्यात चांगला कपडा असावा.

"त्याला सांगा," मी म्हणाले, "म्याडम मिटिंगला जालन्याला गेल्या."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही तर इथं बसल्या."

"सांगा ना मावशी. माझा कागद झालेला नाही. त्याला कुठं तोंड देत बसू?"

त्या बाहेर गेल्या. मी खुर्ची खिडकीपासून मागे घेतली. तो दीड तास थांबला. मावशींनी त्याला दोनदा सांगितलं तरी थांबला. शेवटी त्यानं गोळ्यांचं विचारलं. मावशी म्हणाल्या, गोळ्या म्याडमच्या कपाटात, चावी त्यांच्यापाशी. चावी माझ्या पर्समध्ये होती, पर्स माझ्या मांडीवर. तीनची बस आली आणि ती तिघं चढली.

बस गेल्यावर मला उपरती झाली म्हणा. मी कपाट उघडलं, महिन्याच्या गोळ्या मोजून काढल्या आणि पर्समध्ये टाकल्या. गाडी शुक्रवारी सकाळी होती आणि स्टेशन माझ्या घरापासून ऑटोनं पंधरा मिनिटांवर. सकाळी जाऊन हातात देऊ, कागद नाही तर नाही, गोळ्या तरी. असं ठरवून मी घरी आले.

शुक्रवारी सकाळी मी उठले, नमाज झाली, डबा भरला. साडेसहाला मी दारात उभी होते. स्टेशन उजवीकडे, बसस्टँड डावीकडे. त्याच्यासमोर जाऊन काय सांगायचं, काल कुठं होते म्हणायचं, हे मी मनात तीन प्रकारे मांडून बघितलं. मग सातची बस पकडली. गोळ्या कपाटात परत ठेवल्या.

दोनेक आठवड्यांनी फोन लावला. नंबर बंद होता. आपलं सिम तिकडे चालत नाही, हे मला माहीत होतं. तरी लावला, म्हणजे लावला होता असं स्वतःला सांगता येईल.

तिमाही अहवालात त्याच्या नावापुढे काहीतरी लिहिणं भाग होतं. उपचार सोडला असं लिहिलं तर माझ्याकडचा त्या वर्षातला तो एकटाच निघाला असता. मी लिहिलं, नेपाळला पाठवले. थोडा वेळ थांबले आणि पुढे एक शब्द जोडला, पत्रासह.

दीड वर्ष गेलं. तो माझ्या मनात रोज होता असं म्हटलं तर खोटं होईल. जिनिंगवरून जाताना आठवायचा. नवीन वॉचमन परभणीकडचा होता.

मग एक दिवस जिल्ह्यातल्या आमच्या साहेबांचा फोन आला. ते चांगले होते, कष्टाळू होते, कुणाला टाकून बोलत नसत.

"तुमच्याकडे ती नेपाळची केस आहे ना? पत्रासह पाठवलेली? अख्ख्या जिल्ह्यात तेवढी एकच आहे. पुढच्या बुधवारी दोन्ही देशांच्या लोकांची ऑनलाइन मिटिंग आहे. आपल्याकडचा अनुभव तुम्ही सांगा. पाच मिनिटं."

"साहेब, मी काय सांगणार?"

"कसं पाठवलं ते सांगा की. लोकांना फॉर्मच भरता येत नाही म्हणतात. तुम्ही भरलाय."

त्या वेळी खरं सांगायला एक क्षण होता. मी हो म्हणाले.

बुधवारी मोबाइलच्या पडद्यावर चाळीसेक चौकोन होते. काही चौकोनांत मागे डोंगर दिसत होते, काहींत आमच्यासारख्याच हिरव्या भिंती आणि लोखंडी कपाटं. मी हिंदीत बोलले. पेशंटला समजावलं, महिन्याच्या गोळ्या दिल्या, फॉर्म भरला, तीन प्रती केल्या. पत्रक आता मी वाचलेलं होतं, त्यामुळे एकही पायरी चुकली नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही. मिटिंगनंतर एक ग्रुप तयार झाला, दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांचा.

त्याच संध्याकाळी मला वेगळा मेसेज आला. सीमेपलीकडच्या कार्यालयातला माणूस होता, हुद्दा माझाच. हिंदीत लिहिलं होतं. 'दिदी, आपने जो पेशंट भेजा था उसका नाम दीजिए. वह ठीक हुआ कि नहीं, देखकर बताता हूँ.'

मी नाव पाठवलं. न पाठवण्याचं कारण काय देणार होते?

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज, रजिस्टरात नाव सापडत नाही, पत्र कोणत्या महिन्यात पाठवलं? मी महिना सांगितला. तिसऱ्या दिवशी काही आलं नाही. चौथ्या दिवशी त्यानं फोनच केला.

"दिदी, माफ करना," तो म्हणाला. "दो साल की सारी फाइलें निकालीं. चिट्ठी नहीं मिली. डाक लेनेवाला हमारा जो आदमी है, उसी के हाथ से गुम हुई होगी. मैंने उसको बहुत डाँटा. रो रहा था बेचारा. आपने इतना किया और हमारी तरफ से ऐसा हो गया."

मी बसमध्ये होते. अंबडच्या अलीकडे. बस थांबवून उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून त्याला परत फोन लावला.

"भाईसाब, त्या माणसाला काही बोलू नका," मी म्हणाले. हिंदीत सांगत होते, पण इथं मराठीतच लिहिते. "पत्र हरवलेलं नाही. मी लिहिलंच नव्हतं. फॉर्म भरला नाही आणि गोळ्याही दिल्या नाहीत. मिटिंगमध्ये मी खोटं बोलले."

पलीकडे त्यानं कुणाकडे तरी कागद-पेन मागितलं.

मग तो म्हणाला, "वह पेशंट मिलना चाहिए, दिदी. गाँव का पता भेजिए."

माझ्यावर तो एक शब्द रागानं बोलला नाही. पुढे कित्येक दिवस मला वाटत राहिलं, बोलायला हवा होता.

पत्ता माझ्याकडे नव्हता. कायमचा पत्ता या रकान्यात मी नेपाळ एवढंच लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी जिनिंगवर गेले. तिथल्या मॅनेजरनं कामगारांच्या कागदांची जाडजूड फाइल काढली, आम्ही दोघांनी ती पानन् पान उलटून बघितली. त्याच्या नागरिकत्वाच्या कार्डाची झेरॉक्स निघाली. अक्षरं आपलीच, देवनागरी. जिल्हा, गाव, वॉर्ड नंबर, सगळं मला वाचता येत होतं. इतकी वर्षं हा कागद आमच्या केंद्रापासून एक किलोमीटरवर पडून होता. मी फोटो काढून पाठवला. सोबत त्याचा पहिला तपासणी अहवाल, किती दिवस कोणत्या गोळ्या घेतल्या, शेवटची कधी घेतली, सगळं लिहिलं. बायकोची तपासणी झालेली नाही आणि मुलीच्या खबरदारीच्या गोळ्या दिल्या नाहीत, हेही लिहिलं.

गाव डोंगरात होतं. सीमेवरच्या त्या माणसाच्या हद्दीत नव्हतं. त्यानं वरच्या जिल्ह्यातल्या ओळखीच्या डॉक्टरला फोन केला, डॉक्टरनं त्या वॉर्डातल्या आरोग्य स्वयंसेविकेला सांगितलं. आपल्याकडे आशाताई असतात तशी. ती बाई पाऊस उघडल्यावर अर्धा दिवस चालत वर गेली. हे सगळं तो ग्रुपवर नव्हे, मला एकटीला कळवायचा. दर दोन दिवसांनी, न विचारता.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला.

"मिल गया, दिदी."

"जिवंत आहे?"

"है. खाँसी बहुत है. नीचे लाकर जाँच की. बीच में छूट गई थी, इसलिए पहलेवाली दवा अब उस पर काम नहीं करेगी. दूसरी शुरू की है, लंबी चलेगी. लड़की के गले में गाँठें थीं. उसको भी निकला. उसकी दवा सादी है, ठीक हो जाएगी."

"आणि बायको?"

"पिछली सर्दियों में गई. खाँसी थी, बुखार था. जाँच नहीं हुई. किससे गई, अब कोई नहीं बता सकता."

मी ऑफिसात होते. मावशी टेबल पुसत होत्या, त्यांना माझ्या चेहऱ्यावरून काय कळलं कोण जाणे, त्या फडकं घेऊन बाहेर गेल्या. जिला मी एकदाही तपासलं नव्हतं आणि तपासली असं लिहिलं होतं, ती बाई मला नीट आठवतही नव्हती. फक्त टाकीजवळ उभी असलेली, पदर डोक्यावर, पिशवी दोन्ही हातांनी धरलेली.

साहेबांना मी जालन्याला जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे पत्र गेलंच नाही?"

"नाही साहेब."

"पण मिटिंगमध्ये तुम्ही..."

"खोटं बोलले."

त्यांनी काच पुसून तो परत घातला. मग म्हणाले, "पेशंट सापडला ना आता? औषध सुरू झालं ना? मग राहू द्या. अहवाल वर गेलाय. आता तो खाली आणायचा म्हणजे तुम्हालाही त्रास, मलाही."

मला बरं वाटलं, हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं. दोन दिवस मी ते तसंच राहू दिलं. तिसऱ्या दिवशी अम्मीला सांगितलं. अम्मी दुपारी मेथी निवडत होती. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं, हात न थांबवता.

"उसको बोली क्या?" तिनं विचारलं.

"किसको? साहब को बोली ना."

"साहब का क्या गया? जिसकी औरत गई, उसको बोली क्या?"

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेल्यावर मी रजिस्टर काढलं. पत्रासह या शब्दावर लाल रेघ मारली, शेजारी लिहिलं, पत्र दिले नाही, गोळ्या दिल्या नाहीत, आणि खाली सही केली. बायकोच्या तपासणीपुढचं हो खोडलं. एक प्रत साहेबांना दिली. दहा दिवसांनी मला मेमो आला, खुलासा करा. मी खुलासा दिला. लेखी ताकीद मिळाली आणि वर्षअखेरीला माझी बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. साहेब त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलत. त्यांनाही वरून ऐकून घ्यावं लागलं असणार.

त्याच्याशी बोलायला मात्र आणखी महिना लागला. सीमेवरच्या माणसानं जुळवून दिलं. तो औषध घ्यायला खाली दवाखान्यात येणार होता, तेव्हा तिथल्या नर्सच्या फोनवर. दुपारी दोनची वेळ होती.

पडद्यावर तो आला तेव्हा मी ओळखलं नाही. गाल आत गेलेले, तोंडाला मास्क. मग तो बोलला आणि डोंगरातल्या त्या दवाखान्यातून आमच्या गावची मराठी आली.

"म्याडम, बऱ्या हायेत ना तुम्ही? मावशी बरी हाय?"

"बरी आहे. तू कसा आहेस?"

"चालू हाय. ही गोळी लई खराब हाय, उलटी होती. पर घेऊन राह्यलो. तुम्ही मला धुंडायला माणूस धाडला म्हणं. एवढ्या दूर. कोण करतं एवढं?"

मला ते सहन होईना. मी कशीबशी बोलायला लागले. गुरुवारी मी आतच होते. मिटिंग नव्हती. चिठ्ठी मी लिहिली नव्हती, मला भरता आली नव्हती आणि तुला सांगायची लाज वाटली. चावी माझ्याकडे होती. शुक्रवारी स्टेशनवर यायचं ठरवलं होतं, गोळ्या पर्समध्ये होत्या, मी आले नाही. हे सगळं मी एका दमात सांगितलं, मधे थांबले असते तर पुढचं निघालं नसतं.

तो ऐकत होता. मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता, डोळे फोनवरून जरा बाजूला कुठंतरी.

"तिची बी तपासणी राह्यली होती ना म्याडम?" त्यानं विचारलं. "बायकोची."

"हो. मी झाली असं लिहिलं होतं."

"म्या उद्या आणतो म्हणलो व्हतो. आणली न्हाई म्या बी." त्यानं मास्क नाकावर ओढून घेतला. "चिठ्ठी असती तर वाचली असती का ती?"

मी या कामात अठरा वर्षं काढली होती. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला येतं. नशीब, आजार, कुणाच्या हातात नसतं. मी ते म्हणाले नाही.

"कदाचित," मी म्हणाले. "तुझी चिठ्ठी दाखवली की त्यांनी घरच्यांना तपासलं असतं. तिला टीबी असता तर कळला असता. वाचली असती असं सांगता येत नाही. नसती वाचली असंही सांगता येत नाही."

त्यानं मान हलवली. नर्सला नेपाळीत काहीतरी म्हणाला, फोन मुलीच्या हातात दिला आणि उठून गेला. मुलगी उंच झाली होती. गळ्याला पांढरी पट्टी. ती मराठी अजून बोलत होती, पण शब्द शोधत.

"मॅडम, माझं नाव शाळेत आहे का अजून?"

"कोणत्या शाळेत?"

"तिकडच्या. तिसरीत. बाईंना सांगितलं नव्हतं आम्ही जातो म्हणून."

दुसऱ्याच दिवशी मी अर्धी रजा काढून तिच्या शाळेत गेले. हजेरीपटावर नाव दोन महिने गैरहजर दाखवून मग कमी केलेलं होतं. मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला करून दिला. मी फोटो पाठवला आणि मूळ कागद पोस्टानं. सीमेवरच्या माणसानं कळवलं की तिथल्या शाळेनं तिला आधीच घेतलंय, दाखल्यावाचून. आता ती पाचवीत आहे. दाखला मिळाला का, हे मी विचारलं नाही. तिच्या गोळ्या सहा महिन्यांत पूर्ण झाल्या, गाठी गेल्या. तिनं फोटो पाठवला होता, पट्टी काढलेला.

नवीन तालुक्यात ऊसतोडीचे आणि कारखान्यातले बरेच लोक बाहेरचे आहेत. नेपाळचेही आहेत, हॉटेलांत, गेटवर. आता कुणी गावी निघाला की मी त्याला समोर बसवून फॉर्म भरते, पत्ता त्याच्याकडूनच लिहून घेते आणि तो गाडीत बसायच्या आधी सीमेवर फोन करते. तिकडूनही माणसं येतात. मागच्या महिन्यात त्या माणसाचा फोन आला, एक जण जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला निघालाय, चार महिन्यांच्या गोळ्या उरल्यात, सांभाळा. मी स्टेशनवर गेले होते त्याला घ्यायला. त्याला कळेना, सरकारी बाई फलाटावर का उभी आहे. मी काही सांगितलं नाही. ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं.

सीमेवरच्या माणसाला मी अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही. ईदला त्याचा मेसेज येतो, दशैंला, म्हणजे त्यांच्याकडच्या दसऱ्याला, माझा जातो. ज्याला त्यानं डाँटलं होतं त्या डाकवाल्याची माफी मागावी म्हणून मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, मी मागितली, दिदी, डाँटलं मी होतं.

जिनिंगच्या त्या माणसाची औषधं पुढच्या महिन्यात संपतात. तो एकही डोस चुकला नाही, असं तिकडची नर्स सांगते. महिन्यातून एकदा मी त्याची चौकशी करते, तेव्हा नर्स विचारते, बोलायचं का, इथंच बसलाय. मी म्हणते, त्याला विचारा. ती विचारते. मला मागून त्याचा आवाज येतो, नेपाळीत, दोनच शब्द. मग नर्स सांगते, आज नको म्हणतोय. मी बरं म्हणते आणि वजन किती भरलं ते लिहून घेते.